हिंवाळी मुक्काम कोणासाठीं?

हिंवाळ्यांत आल्प्स पर्वतावर जाणाऱ्या जोडप्यांपैकीं एकाला स्कीचें वेड असावें व दुसऱ्याला त्यांत काडीचाहि रस नसावा, ही गोष्ट आतां नित्याची झाली आहे. एक जण सकाळीं उठल्याबरोबर बुटांचे पट्टे आवळूं लागतो. दुसऱ्यापुढें संध्याकाळपर्यंतचा लांबलचक दिवस रिकामा पडलेला असतो. अशा जोडप्यानें आपलें बिऱ्हाड कोणत्या गांवीं करावें? प्रवासी कंपन्यांचीं रंगीत पत्रकें या प्रश्नाचें उत्तर बहुधा स्कीवाल्याच्या बाजूनें देतात. उतरणी किती मैलांच्या, पाळणे किती, बर्फ कोणत्या महिन्यापर्यंत टिकतें, याचा तपशील पानभर. आणि न खेळणाऱ्यांसाठीं म्हणून शेवटीं दोन ओळी, त्याहि दुकानें आणि ऊन पाण्याचा हौद यांविषयींच्या. आम्हांस असें वाटतें कीं, या प्रश्नाला एक इतिहास आहे आणि तो पाहिला असतां विचाराला उलट्या टोंकानें सुरुवात करावी लागते. आल्प्समधील पहिलीं हिंवाळी गांवें ज्याला बर्फावरून घसरतां येत नव्हतें, किंबहुना ज्याला धड चालवतहि नव्हतें, त्याच्यासाठीं वसलीं. स्कीवाला तेथें मागाहून आला. आणि त्यांतील एक अत्यंत प्रसिद्ध स्कीवाला तर आजारी पत्नीला घेऊनच आला.

पूर्व स्वित्झर्लंडांतील दाव्होस हें गांव समुद्रसपाटीपासून सुमारें ५,१०० फूट उंचीवर आहे. १८५३ सालीं तेथें अलेक्झांडर स्पेंग्लर नांवाचा एक तरुण डॉक्टर नोकरीवर रुजूं झाला. जर्मनींतील १८४८-४९ च्या क्रांतींत भाग घेतल्यामुळें त्याला मायदेशाला मुकावें लागलें होतें. या उंच दरींतील लोकांत क्षयरोग जवळजवळ आढळत नाहीं, असें त्याच्या ध्यानांत आलें. त्या काळीं क्षयरोग्याला समुद्रकांठच्या उबदार हवेंत पाठविण्याची चाल होती. त्याला ऐन थंडींत बर्फांत नेऊन ठेवणें म्हणजे त्याचा जीव घेणें, असें कोणीहि म्हटलें असतें. पण ८ फेब्रुवारी १८६५ रोजीं ह्यूगो रिश्टर व फ्रीडरिश उंगर हे दोन जर्मन रोगी स्लेज गाडींत बसून दाव्होसला येऊन दाखल झाले. दोघांनाहि गुण आला. उंगर पुढें तेथेंच डॉक्टरी करूं लागला. रिश्टरनें पुस्तकविक्रीचा व प्रकाशनाचा धंदा थाटला. कोरडी हवा, वाऱ्याला आडवे पडलेले डोंगर आणि हिंवाळ्यांतहि अंगावर घेतां येईल असें ऊन, या तीन गोष्टींच्या भांडवलावर एका खेड्याचें शहर झालें.

या गांवाच्या इतिहासांत विलेम यान होल्सबूर या डच गृहस्थाचें नांव मोठें आहे. १८६७ त तो आपल्या आजारी पत्नीला घेऊन दाव्होसला आला. पत्नी वांचली नाहीं. होल्सबूर मात्र परत गेला नाहीं. स्पेंग्लरच्या जोडीनें त्यानें तेथें आरोग्यगृह उभारलें आणि लांडक्वार्टपासून वर येणाऱ्या आगगाडीसाठीं रान उठविलें. ती गाडी १८९० त दाव्होसला पोंचली. आज खांद्यावर स्की टाकून त्या गाडींतून उतरणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल कीं, आपल्या पायांखालचा हा लोहमार्ग मुळांत रोग्यांच्या सोयीसाठीं झाला आणि तो घडवून आणणाऱ्यानें आपली पत्नी याच गांवांत गमावली होती?

सेंट मॉरिट्झची कथा याहून हलकीफुलकी आहे. १८६४ च्या शरद ऋतूंत योहानेस बाद्रुट या हॉटेलवाल्यानें आपल्या इंग्रज पाहुण्यांशीं पैज मारली कीं, एकदां हिंवाळ्यांत येऊन पाहा. ऊन मिळालें नाहीं तर तुमचा सारा खर्च माझ्याकडे. पाहुणे नाताळांत आले आणि वसंत ऋतु लागेपर्यंत हललेच नाहींत, असें सांगतात. हॉटेलवाल्यांच्या या आख्यायिका आपल्याकडील क्षेत्रमाहात्म्यांच्या जातीच्या असतात. त्यांवर किती विश्वास ठेवावा हें ज्याचें त्यानें ठरवावें. पण कथा खरी धरली तरी ती पैज उन्हाची होती, बर्फाची नव्हे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

त्या पहिल्या पिढींतील पाहुण्यांपैकीं वाङ्मयाच्या वाचकांस परिचित अशीं दोन नांवें म्हणजे जॉन ॲडिंग्टन सिमंड्स व रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. इटलीच्या पुनरुज्जीवनाचा इतिहास लिहिणारा सिमंड्स फुप्फुसांच्या विकारानें १८७७ त दाव्होसला आला आणि त्यानें तेथेंच घर केलें. हा रोगी स्वतः घसरगाडीचा मोठा शौकीन. १८८३ त दाव्होसहून क्लोस्टर्सपर्यंत झालेल्या शर्यतीच्या मागें तोच होता. १८९२ त त्यानें आपली मुलगी मार्गारेट हिच्याबरोबर या डोंगरी जीवनावर एक पुस्तकहि प्रसिद्ध केलें. स्टीव्हन्सननें १८८०-८१ व १८८१-८२ हे दोन हिंवाळे दाव्होसांत काढले आणि ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी तेथें पुरी केली. परंतु या दुसऱ्या बिऱ्हाडाची दुसरीहि एक बाजू आहे. जी उंच हवा नवऱ्याच्या छातीला मानवे ती पत्नी फॅनी हिला मानवेना. एकाच गांवांत एकाला जीवदान मिळावें आणि दुसऱ्याची प्रकृति खालावावी, हा पेंच स्कीच्या फळ्या दाव्होसांत सर्रास दिसूं लागण्यापूर्वींचाच आहे.

आतां ज्याचा वर उल्लेख केला त्या स्कीवाल्याकडे वळूं. १८९३ च्या शरदांत आर्थर कॉनन डॉयल याची पत्नी लुईझा हिला क्षय झाल्याचें निष्पन्न झालें. डॉयल स्वतः डॉक्टर होता. या निदानाचा अर्थ त्याला कोणी समजावून सांगावयास नको होता. फार तर कांहीं महिने, असें वैद्यांचें मत पडलें. त्यानें इंग्लंडांतील घर आवरलें आणि पत्नीला घेऊन तो दाव्होसला आला. त्याच डिसेंबरांत शेरलॉक होम्स स्वित्झर्लंडांतील एका धबधब्याच्या कड्यावरून नाहींसा झाल्याचें वाचून लंडनचे वाचक शोक करीत होते. त्यांच्या लेखकाला मात्र त्या वेळीं खऱ्याखुऱ्या मरणाची चिंता लागली होती.

लुईझेचा दिवस कसा जात असेल याची कल्पना त्या काळच्या उपचारपद्धतीवरून करतां येते. घोंगड्यांत गुरफटून गच्चीवर तासन् तास पडून राहावयाचें, ठरल्या वेळीं खावयाचें, ताप मोजावयाचा, पुन्हां पडावयाचें. नवऱ्यानें काय करावें? चौतीस वर्षांचा धिप्पाड, क्रिकेट खेळणारा, एका जागीं न टिकणारा माणूस. त्यानें लिहिलें पुष्कळ. दाव्होसच्या कुरणांत गोल्फचें मैदान आंखून पाहिलें, तर गाईंनीं लाल निशाणें चघळून टाकलीं. मग त्याचें लक्ष स्कीकडे गेलें. नान्सेननें १८८८ त स्कीवरून ग्रीनलंड ओलांडलें तेव्हांपासून या नॉर्वेजियन फळ्यांविषयीं मध्य युरोपांत कुतूहल जागें झालें होतें. डॉयलनेंच स्वित्झर्लंडांत स्की आणली असें ठिकठिकाणीं लिहिलेलें आढळतें. तें खरें नव्हे. ग्लारुस येथें १८९३ त स्कीमंडळ निघालें होतें आणि दाव्होसांतच तोबियास व योहान ब्रँगर हे दोघे बंधु या खेळाचा अभ्यास करीत होते. गांवकरी हंसतील म्हणून ते काळोख पडल्यावर सराव करीत, असें सांगतात.

२३ मार्च १८९४ रोजीं या ब्रँगर बंधूंबरोबर डॉयल पहाटेच्या अंधारांत निघाला आणि सुमारें ८,००० फूट उंचीची माइनफेल्डर फुर्का ही खिंड ओलांडून पलीकडच्या अरोसा गांवीं उतरला. उतार फार उभा लागला तेव्हां त्या बंधूंनीं आपापल्या फळ्या एकत्र बांधून त्यांची घसरगाडी केली. डॉयलनेंहि तसेंच केलें; पण त्याची घसरगाडी त्याच्या खालून निसटून पुढें निघून गेली आणि उरलेला उतार त्याला आपल्या लोंकरी विजारीवर बसून उतरावा लागला. हें कापड कधीं झिजत नाहीं या शिंप्याच्या ग्वाहीची त्यानें पुढें यथास्थित थट्टा केली आहे. अरोसाच्या हॉटेलांत नोंदवहीमध्यें तोबियासनें डॉयलच्या नांवापुढें व्यवसाय म्हणून मोडक्यातोडक्या इंग्रजींत खेळाडू असें लिहिलें. आपल्या कादंबऱ्यांच्या स्तुतीपेक्षां याचाच त्याला अधिक आनंद झाला असावा. त्या वर्षींच्या डिसेंबरांत ‘स्ट्रँड’ मासिकांत हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. स्कीसाठीं म्हणून शेंकडों इंग्रज स्वित्झर्लंडांत हिंवाळा काढावयास येतील, हें त्याचें भाकीत पुढें किती तरी पटींनीं खरें ठरलें.

हा लेख खिंडीचा आहे, स्कीचा आहे. ज्या बाईच्या दुखण्यापायीं तो माणूस त्या दरींत आला, ती बाई त्या दिवशीं खालीं काय करीत होती हें त्यांत शोधूं जाणें व्यर्थ आहे. प्रवासवृत्तान्तांचा हा स्वभावच आहे. जो वर जातो तो लिहितो. जो खालीं राहतो त्याचा दिवस कागदावर येत नाहीं. म्हणून हिंवाळी मुक्कामांचा इतिहास वाचतांना तो नेहमीं घसरणाऱ्यांचा इतिहास वाटतो.

डॉयलला आदर्श पति ठरविण्याची आमची इच्छा नाहीं. १८९७ त त्याची जीन लेकी हिच्याशीं ओळख झाली, त्याचें मन तिच्यावर जडलें, आणि लुईझेच्या मृत्यूनंतर दुसऱ्या वर्षीं त्यानें तिच्याशीं विवाह केला. हें सर्वश्रुत आहे. परंतु मुक्कामाची निवड एवढ्याच बाबतींत पाहिलें तर त्याचें वर्तन स्वच्छ दिसतें. दाव्होस निवडलें तें तिच्या छातीसाठीं. पुढें १८९५-९६ चा हिंवाळा दोघांनीं ईजिप्तांत घालविला, तोहि तिच्यासाठींच. तेथें स्कीचा प्रश्नच नव्हता. त्यानंतर सरे परगण्यांत हाइंडहेडच्या टेंकडीवर घर बांधलें, कारण तेथील हवा क्षयाला चांगली असें त्याला सांगण्यांत आलें होतें. कांहीं महिन्यांची सोबतीण समजली गेलेली लुईझा तेरा वर्षें जगली. १९०६ सालीं ती वारली. तिच्या या आयुष्याचें श्रेय कोणत्या हवेला द्यावें हें वैद्यांनीं सांगावें. आमच्या विषयापुरतें इतकेंच कीं, स्कीवाल्याला त्याचा उतार तिच्या गांवांतच सांपडला. त्यासाठीं तिला दुसऱ्या गांवीं हलावें लागलें नाहीं.

विसाव्या शतकाच्या आरंभीं हा क्रम पालटला, आणि तो पालटण्यांत ज्या माणसाचा मोठा वांटा आहे त्याचा आपल्या देशाशीं विलक्षण संबंध आहे. हेन्री लन हा मेथॉडिस्ट पंथाचा वैद्यमिशनरी १८८७ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत आला होता. थोडक्याच काळांत प्रकृति बिघडून तो परतला, आणि मिशनरी लोकांच्या चैनी राहणीवर टीका करून त्यानें स्वपक्षीयांचा रोष ओढवून घेतला. पुढें तो यात्रा भरविण्याच्या धंद्यांत पडला. हिंवाळ्यापुरतें अख्खें हॉटेलच भाड्यानें घ्यावयाचें व इंग्लंडांतील प्रतिष्ठित शाळांच्या माजी विद्यार्थ्यांनीं तें भरून काढावयाचें, ही त्याची युक्ति. म्यूरेनच्या डोंगरी आगगाडीनें १९१०-११ च्या हिंवाळ्यांत गाडी चालूं ठेवावी म्हणून त्यानें तिच्या चालकांचें मन वळविलें. त्याचा मुलगा आर्नोल्ड हा १८८८ त मद्रासेस जन्मला. काठ्यांच्या मधून नागमोडी घसरण्याची जी स्लालम नांवाची शर्यत आज जगभर चालते, तिला त्यानें म्यूरेन येथें १९२२ त आधुनिक रूप दिलें. मद्रासच्या उकाड्यांत डोळे उघडलेल्या माणसानें बर्फाच्या खेळाचे नियम घालून द्यावेत, हा योग पाहून कोणासहि मौज वाटेल.

लनच्या हॉटेलांत येणारा पाहुणा निरोगी होता व त्याला निरोगी सोबत हवी होती. खोकणाऱ्या माणसाची संगत टाळण्यासाठीं खेळाच्या गांवांनीं क्षयरोग्यांना दार बंद केलें. कोणी याला निर्दयपणा म्हणेल. पण संसर्गाची भीति खोटी नव्हती. मात्र न खेळणाऱ्या निरोगी सोबत्याची अजून आबाळ नव्हती. त्या दिवसांत स्की हा अनेक खेळांपैकीं एक होता. बर्फाच्या तळ्यावर स्केटिंग, दगडी गोट्यांचें कर्लिंग, घसरगाड्या यांची चलती अधिक होती. शिवाय स्कीवाला तीन तास चढावा तेव्हां त्याला अर्ध्या तासाची उतरण मिळे, आणि एका फेरीनंतर तो दमून घरीं परते. आणखी एक खुलासा करून ठेवतों. स्कीवाला म्हणजे नवरा आणि खालीं थांबणारी ती बायको, असें समीकरण मांडण्याचें कारण नाहीं. म्यूरेनलाच १९२३ त स्त्रियांचा स्वतंत्र स्की क्लब निघाला, आणि त्यानंतर गच्चीवर वर्तमानपत्र वाचीत बसलेले नवरेहि पुष्कळ दिसूं लागले.

जुनें आणि नवें या दोन्ही प्रवाहांचा संगम पाहावयाचा असेल तर ऱ्होन नदीच्या दरीवर सुमारें ४,९०० फूट उंचीवर वसलेल्या मॉन्टानाकडे पाहावें. दक्षिणेकडे तोंड केलेलें हें पठार. म्हणून तेथें आरोग्यधामें झालीं. आणि तेथेंच जानेवारी १९११ त, वरच्या हिमनदीपासून खालीं गांवापर्यंत, लॉर्ड रॉबर्ट्स याच्या नांवाच्या चषकासाठीं उताराची पहिली मोठी शर्यत झाली. रॉबर्ट्सची पदवी कंदाहारची. १८८० त मैवंद येथें मुंबई इलाख्याच्या पलटणींचा मोड झाल्यावर काबूलहून कंदाहारवर त्यानें जी दौड मारली तिच्यावरून मिळालेली. त्यामुळें कंदाहार हें नांव त्या रणांगणावरून उठून आल्प्सच्या बर्फांत जाऊन बसलें; आर्नोल्ड लनच्या १९२४ च्या क्लबालाहि तेंच नांव मिळालें.

या शर्यतीनंतर पंधरा वर्षांनीं मॉन्टानाला एक हिंदी जोडपें आलें. मार्च १९२६ त पंडित जवाहरलाल नेहरू हे क्षयानें आजारी असलेल्या आपल्या पत्नी कमला व कन्या इंदिरा यांना घेऊन मुंबईहून युरोपला निघाले. बरोबर भगिनी विजयालक्ष्मी व त्यांचे यजमान रणजित सीताराम पंडित हे होते. हे पंडित म्हणजे कोंकणांतून काठेवाडांत गेलेल्या मराठी घराण्यांतले, पुढें राजतरंगिणीचें इंग्रजी भाषांतर करणारे. मुक्काम प्रथम जिनीव्हांत पडला. हिंवाळा आल्यावर कमला नेहरूंना मॉन्टानाच्या आरोग्यधामांत नेण्यांत आलें. तेथें नेहरूंनीं स्की शिकण्यास आरंभ केला. स्केटिंग त्यांना येत होतें, स्की नवी. आपण किती वेळां आपटलों, तरी नेट न सोडतां शेवटीं त्यांत कसा आनंद वाटूं लागला, हें त्यांनीं आत्मचरित्रांत सांगितलें आहे. वय सदतीस; मागें तुरुंगवास, पुढें फेब्रुवारी १९२७ ची ब्रसेल्सची परिषद; मध्यें हा बर्फाचा हिंवाळा.

डॉयलचीच ही जणूं दुसरी आवृत्ति. गांव निवडलें गेलें तें पत्नीच्या फुप्फुसांसाठीं, आणि पतीला त्या गांवानें अनपेक्षित असा एक आनंद देऊं केला. येथेंहि आपल्याला कळतें तें घसरणाऱ्याच्या लेखणींतून. कमला नेहरू या मनानें तेजस्वी होत्या. १९३० च्या चळवळींत त्यांनीं तें दाखवून दिलें. त्या हिंवाळ्याविषयीं त्यांना काय वाटलें असेल, पतीला बर्फांत पडतांना पाहून हंसूं आलें असेल कीं आपलें पडून राहणें अधिक जाणवलें असेल, हें कोणी विचारून ठेवलें असतें तर बरें झालें असतें. २८ फेब्रुवारी १९३६ रोजीं स्वित्झर्लंडांतच, लोझान येथें, त्यांचा अंत झाला. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेलें आत्मचरित्र नेहरूंनीं त्यांच्या स्मृतीस अर्पण केलें.

असो. क्षयाचा हा अध्याय १९४३ त स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागल्यानंतर आवरता झाला. आरोग्यधामें ओस पडलीं आणि त्यांचीं हॉटेलें झालीं. दाव्होसच्या वरच्या अंगाचें, १९०० सालीं उघडलेलें शात्साल्प हें प्रसिद्ध आरोग्यधाम १९५४ पासून हॉटेल आहे. रोगी गेला. पण न घसरणारा सोबती गेला नाहीं, आणि त्याची अडचण एका यंत्रानें वाढविली. २४ डिसेंबर १९३४ रोजीं दाव्होसच्या बोल्गेन उतारावर अर्न्स्ट कॉन्स्टाम या इंजिनियरानें रचलेली स्कीवाल्यांना ओढून वर नेणारी दोरी सुरूं झाली. फिरत्या दोराला आंकडे. आंकड्याला टेंकून उभें राहावें, पायांतल्या फळ्या बर्फावरून घसरत वर जातात. आतां एका दिवसांत एकाच्या वीस फेऱ्या होऊं लागल्या, आणि स्कीवाला नऊ वाजतां गेला तो चार वाजेपर्यंत दिसेनासा झाला.

येथें एक भेद ध्यानांत घ्यावा; आमच्या मतें निवडीची खरी किल्ली त्यांतच आहे. कॉन्स्टामची दोरी फक्त पायांत स्की असलेल्याला उचलते. उलट दाव्होसहून वाइसफ्लूयोखपर्यंत १९३१-३२ त झालेली डोंगरी गाडी कोणालाहि नेते. काठी टेंकणाऱ्या आजोबांनाहि. सेंट मॉरिट्झजवळची मुओटास मुरागलची गाडी १९०७ ची. ती ८,००० फुटांवर सोडते आणि तेथून साऱ्या एंगादिन दरीचीं तळीं दिसतात. त्सेरमाटची गोर्नरग्राट गाडी १८९८ ची. अशा जुन्या गाड्या ज्या गांवांत आहेत तेथें न खेळणारा बारा वाजतां वर जाऊं शकतो, दोघांना एका टेबलाशीं बसून जेवतां येतें, आणि मग एक जण फळ्यांवरून व दुसरा गाडींतून खालीं येतो. म्हणून गांवाचा नकाशा हातीं घेतल्यावर पाळण्यांची एकूण संख्या मोजूं नये. त्यांपैकीं किती पाळणे साध्या बुटांनिशीं बसणाऱ्याला वर नेतात व परत आणतात तें मोजावें. हा आंकडा पत्रकांत ठळक छापलेला नसतो, विचारावा लागतो.

महायुद्धानंतर, विशेषतः फ्रान्सांत, केवळ स्कीसाठीं म्हणून गांवें उभारण्यांत आलीं. आव्होरियाझ, फ्लेन, सुमारें ७,५०० फुटांवरचें व्हाल तोराँस, हीं १९६० नंतरच्या दशकांतलीं. तीन्यांचें जुनें खेडें तर १९५२ त धरणाच्या पाण्याखालीं गेलें आणि नवें वर वसलें. स्कीवाल्याच्या दृष्टीनें हीं गांवें म्हणजे स्वर्ग. उंबऱ्यापाशीं बर्फ, दार उघडलें कीं उतरण. पण दुसऱ्या माणसानें तेथें तीन दिवस काढून पाहावेत. गांवाला बाजारपेठ असते ती स्कीची, रस्ता असतो तो स्कीचा, आणि संध्याकाळच्या गप्पाहि कोणती उतरण कशी होती याच्याच. फॅनी स्टीव्हन्सनची आठवण ठेवून उंचीचाहि विचार करावा. ज्याला दिवसभर व्यायाम नाहीं त्याला ७,५०० फुटांवरची रात्र बरीच जड जाते. झोंप येत नाहीं, डोकें दुखतें.

याच्या उलट, स्कीवाले ज्या गांवांविषयीं कुरकुर करतात त्यांकडे आम्ही अधिक आदरानें पाहतों. शामोनी हें त्यांचें उत्तम उदाहरण. १९२४ चे पहिले हिंवाळी ऑलिम्पिक सामने तेथें झाले. पण उतरणी दरीच्या दोन्ही अंगांना विखुरलेल्या, मोटारबसनें जावें लागतें, म्हणून स्कीवाला नाक मुरडतो. त्याच शामोनींत न खेळणाऱ्यासाठीं मोंताँव्हेरच्या हिमनदीची आगगाडी आहे, १९५५ पासून १२,६०० फुटांवर नेणारा एग्वी द्यु मिदीचा पाळणा आहे, आणि नदीकांठीं खऱ्या माणसांचें गांव आहे. इन्सब्रुक हें तर सरळसरळ जुनें शहर. तेथें स्कीवाल्यानें बसनें डोंगरावर जावें व सोबत्यानें राजवाडे व संगीत पाहावें-ऐकावें. दाव्होसांत चित्रकार किर्शनर १९१७ पासून मृत्यूपर्यंत राहिला. त्याचें संग्रहालय तेथें आहे. सेंट मॉरिट्झला सेगांतिनीचें आहे. शिवाय त्या प्रांताची तांबडी आगगाडी बर्निनाच्या घाटांतून इटलींतील तिरानोपर्यंत जाते. सकाळीं बर्फांतून निघून दुपारीं द्राक्षांच्या मळ्यांत जेवावें आणि दिवेलागणीला परत यावें, असा दिवस मिळाला तर स्की न येणाऱ्याचीच कींव कां करावी, असा प्रश्न पडेल.

उन्हाचा मुद्दा मात्र बाद्रुटच्या पैजेपासून बदललेला नाहीं. बर्फ टिकतें तें उत्तरेकडे तोंड केलेल्या उतारावर. माणूस टिकतो तो दक्षिणेकडे तोंड केलेल्या गच्चींत. खोल दऱ्यांतील कित्येक गांवांना डिसेंबरांत दोन तासहि ऊन मिळत नाहीं. स्कीवाला सूर्य गांठावयास वर जातो; खालच्या माणसाला तो सबंध आठवडा दिसत नाहीं. म्हणून दोन्ही अंगें असलेली दरी पाहावी. दाव्होसांत शात्साल्पची बाजू उन्हाची आणि समोरच्या याकोब्सहॉर्नची सावलीची. घर कोणत्या बाजूला घ्यावें हें सांगावयास नकोच.

आपल्याकडील वाचकांपैकीं आल्प्सपर्यंत जाणारे थोडे. गुलमर्गला जाणारे दरवर्षीं वाढत आहेत. तेथें १९२७ त ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनीं स्की क्लब काढला. गुलमर्गची उंची सुमारें ८,७०० फूट, म्हणजे मॉन्टानापेक्षां किती तरी अधिक. पुण्यामुंबईहून थेट येणाऱ्याला पहिले एक-दोन दिवस धाप लागते. पाळण्याचा कोंगडोरीपर्यंतचा पहिला टप्पा १९९८ चा. तेथवर न खेळणाऱ्यानें खुशाल जावें व दुपारीं सोबत्याला भेटावें. अफरवटच्या खांद्यापर्यंत नेणारा दुसरा टप्पा २००५ चा. तो जवळजवळ १३,००० फुटांवर सोडतो, आणि वारा सुटला कीं बंद राहतो. वर जाऊन वाट पाहत बसण्याची ती जागा नव्हे. गुलमर्गांत हिंडण्यासारखें गांव असें फारसें नाहीं. लांकडी स्लेजवरून ओढून नेणारे आहेत, एक जुनें चर्च आहे, हॉटेलाची शेगडी आहे. दोन-तीन दिवस यांत बरे जातात. आठवडा काढावयाचा असेल तर सुमारें तीस मैलांवरचें श्रीनगर आहे. त्याची उंची ५,२०० फूट, जवळजवळ दाव्होसइतकीच. तेथें बाजार, मशिदी, सरोवर व माणसें आहेत. स्कीवाल्यानें गुलमर्गला चार रात्री राहून यावें आणि उरलेल्या रात्री दोघांनीं झेलमच्या कांठीं काढाव्या. टंगमर्गच्या वरचा रस्ता बर्फ पडल्यावर चांकांना सांखळ्या लावल्याशिवाय चढत नाहीं, तेव्हां या जाण्यायेण्याला हातीं एक दिवस जादा ठेवावा.